पुस्तकांच्या पेटीत काय ठेवायचं?

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

डहाणू तालुक्यातल्या चिखल्यातून आम्ही बोलतोय. आज आपण गोष्टींच्या पुस्तकांबद्दल बोलणार आहोत.

गटाची बैठक म्हटली की हप्ता, व्याज आणि पासबुक हे विषय ठरलेलेच. यंदा आमच्या गटाने त्यात एक विषय वाढवला. थोडे पैसे बाजूला काढून बायांसाठी पुस्तकांची पेटी करायची असं ठरलं. पैसे ठरले, पेटी कुठे ठेवायची तेही ठरलं, पण पुस्तकं काही ठरेनात. कारण याद्या दोन झाल्या.

एक यादी वाचणाऱ्या बायांनी स्वतः सांगितली. तिच्यात रहस्यकथा होत्या, प्रेमाच्या कादंबऱ्या होत्या, सासर-माहेरच्या गोष्टी होत्या. दुसरी यादी शिकल्या-सवरलेल्या माणसांनी सुचवली. तिच्यात पुरस्कार मिळालेली, अभ्यासाला लावलेली पुस्तकं होती. पहिल्या यादीला कोणीतरी ‘टाइमपास’ म्हटलं आणि दुसरीला ‘साहित्य’. मग वाद पेटला. एकीने विचारलं, “गटाचा पैसा टाइमपासवर घालायचा का?” दुसरी म्हणाली, “मग कोणी उघडणारच नाही अशा पुस्तकांवर घालायचा का?”

दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपल्या गटांत अशा पुष्कळ जणी आहेत, ज्या शाळा सुटल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा अक्षराला हात लावतायत. तिच्या हाती पडलेलं पहिलंच पुस्तक तिला जड गेलं, तर ती म्हणेल, “वाचणं आपलं काम नाही,” आणि परत पेटीकडे फिरकणार नाही. उलट पेटीत नुसत्याच गोडगोड गोष्टी भरल्या, तर टीव्ही फुकट दाखवतो तेच आपण पैसे मोजून आणलं असं होईल. म्हणून लोकांना आवडणारी गोष्ट आणि जिला जाणकार मान देतात ती गोष्ट, यांच्यात फरक काय आणि त्या दोघी कुठे एकत्र येतात, हे आपल्या आपण समजून घेऊ या.

आपल्या ओळखीचीच गोष्ट घेऊ. भातकापणी झाली, दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांवरची घरं वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायला जातात. आठवड्याला खर्ची मिळते, आणि हजार विटांमागे ठरलेल्या दराने हिशेब होतो तो शेवटी, घरी परतताना. अशाच एका घरातली मुलगी घेऊ. तिचं नाव सुरेखा. सातवीपर्यंत शिकलेली.

आता हीच गोष्ट एका तऱ्हेने सांगू. सुरेखाला कळतं की शेठकडे हिशेबाच्या दोन वह्या आहेत, एक खरी आणि एक खोटी. खरी वही कपाटात आहे. रात्री ती खोपटातून निघते. कुत्रा भुंकतो. मुकादमाला जाग येते. विटांच्या ट्रकवरचा एक तरुण ड्रायव्हर तिला लपवतो. वही हाती लागते, पण वाटेत मुकादम आडवा येतो. शेवटी पोलीस येतात, शेठ पकडला जातो, सगळ्या मजुरांना पैसे मिळतात आणि वैशाखात सुरेखाचं त्या ड्रायव्हरशी लग्न लागतं.

आता तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने. हिशेबाचा दिवस आहे. मुकादम वहीतून वाचून दाखवतो: बहात्तर हजार विटा. सुरेखा बापाच्या मागे उभी आहे. खोपटाच्या भिंतीवर तिने सहा महिने कोळशाने रेघा ओढल्यात, हजार विटांना एक. त्या रेघा नव्वद आहेत. बापालाही ते ठाऊक आहे. तो एकदा मुलीकडे बघतो आणि अंगठा उठवतो. परतीच्या टेम्पोत कोणी बोलत नाही. आई विचारत नाही, सुरेखा सांगत नाही. पाडा जवळ आल्यावर तिला आठवतं, भिंतीवरच्या रेघा पुसायच्या राहून गेल्या. इथे गोष्ट संपते.

पहिली गोष्ट ऐकताना आपण विचारतो, “पुढे काय झालं?” दुसरी ऐकून झाल्यावर विचारतो, “बापाने अंगठा का दिला?” गोष्टीत त्याचं उत्तर दिलेलं नाही. पण आपल्याला ते माहीत आहे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच शेठकडे बयाणा मागायला जायचं आहे, म्हणून.

लोकप्रिय गोष्ट आणि साहित्यिक गोष्ट यांतला फरक ढोबळमानाने हा असा आहे. लोकप्रिय गोष्टीत घटना पळतात. तिचा साचा वाचणाऱ्याला ठाऊक असतो आणि तो ठाऊक असतो म्हणूनच ती आवडते. रहस्यकथेत गुन्हेगार सापडणार, प्रेमकथेत दोघं भेटणार, याचा भरवसा असतो. शेवटी सगळ्या गाठी सुटतात आणि मन हलकं होतं. साहित्यिक गोष्टीत घटना कमी असतात, माणूस जास्त असतो. तो असा का वागला, त्याला काय बोलता आलं नाही, इकडे लेखकाचं लक्ष असतं. शेवटी एखादी गाठ तशीच राहते आणि ती सोडवायचं काम आपल्यावर येतं.

यांतली एक चांगली आणि दुसरी वाईट, असं आम्हाला वाटत नाही. पहिली गोष्ट ऐकून एखाद्या मुलीच्या मनात येईल की हिशेबाची वही बघायला मागता येते. हे काही थोडं नाही. दुसरी ऐकून आपल्या गप्प बसण्यामागचं कारण आपल्याला लख्ख दिसतं. दोन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी लागते. दिवसभर मासळीची पाटी वाहून किंवा चिकूच्या वाडीत राबून आलेल्या बाईला एखाद्या रात्री गाठी सुटलेल्याच बघायच्या असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता थोडं मागे जाऊ. ही दोन टोकं मराठीत अगदी सुरुवातीपासून आहेत. 1857 साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. त्यात विधवांचे हाल सांगितलेत. त्यानंतर चारच वर्षांनी, 1861 साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. ती संकटात सापडलेली सुंदर नायिका, कट-कारस्थानं आणि अद्भुत योगायोग यांची गोष्ट. लोकांनी तीही आवडीने वाचली. म्हणजे एका बाजूला जगातलं दुःख आणि दुसऱ्या बाजूला मन रमवणारी कल्पना, अशा दोन वाटा तेव्हाच फुटल्या.

पुढे या दोन वाटा एकत्र आणणारे लेखक आले. त्यांचं नाव हरि नारायण आपटे. 1890 साली त्यांनी पुण्यात एक साप्ताहिक काढलं. त्याचं नाव काय, तर ‘करमणूक’. आजच्या भाषेत टाइमपासच म्हणा ना. त्या ‘करमणुकी’त त्यांनी हप्त्याहप्त्याने एक कादंबरी छापली: ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली गोष्ट सांगते. लहानपण, लग्न, सासर, मग नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेलं केशवपन. तो काळ असा की मुलींच्या संमतिवयाच्या कायद्यावरून सगळीकडे भांडणं चालली होती. 1891 साली तो कायदा झाला आणि वय दहावरून बारा केलं गेलं. ज्या घरांत या विषयावर मोठ्याने बोलायची सोय नव्हती, तिथे यमूची गोष्ट करमणुकीच्या कागदातून पोचत होती.

आज मालिका बघताना भाग ऐन वेळी थांबतो आणि आपण उद्याची वाट बघतो. वाचकाला पुढच्या हप्त्यापर्यंत थांबायला लावायची ही रीत मालिकांच्या फार आधीची आहे. आपट्यांनी त्याच रीतीने वाचकाला धरून ठेवलं आणि धरून ठेवून त्याला असं काही दाखवलं की जे त्याला बघायचं नव्हतं. आज त्या कादंबरीला मराठीतलं मोठं साहित्य म्हणतात.

दुसरं उदाहरण एका बाईचं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचं कथांचं पुस्तक आलं. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, कमावत्या मुलीच्या लग्नाकडे घरचेच कसा कानाडोळा करतात, हे तिने उघड लिहिलं. खळबळ उडाली. लोकांनी पुस्तक वाचलं, त्यावर रागावले, आणि ही विभावरी आहे तरी कोण याचा शोध घेत बसले. ते नाव टोपणनाव होतं. खऱ्या बाळूताई खरे, त्या पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. शिक्षिकेचं काम करणाऱ्या बाईला स्वतःचं नाव लपवून लिहावं लागलं, यावरूनच त्या पुस्तकात किती दम होता ते कळतं. ते पुस्तक लोकांच्या तोंडी होतं, आणि आज जाणकार त्याला मान देतात. मग ते कुठल्या यादीत टाकायचं?

आता आपल्या जिल्ह्याचं नाव लावणारा लेखक. वसई तालुक्यातलं अर्नाळा आपल्याला ठाऊक आहे, तिथला समुद्रातला किल्लाही ठाऊक आहे. ते नाव घेऊन बाबुराव अर्नाळकरांनी रहस्यकथा लिहिल्या, आणि किती, तर हजारावर. ‘झुंजार’, ‘काळा पहाड’ हे त्यांचे नायक घराघरांत माहीत होते. पातळ पुस्तकं, सोपी भाषा, पहिल्या पानापासून धावणारी गोष्ट. टीकाकारांनी पुष्कळ वर्षं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पण मराठीत असे कितीतरी वाचक आहेत, जे सांगतात की आम्हाला वाचनाची गोडी लागली ती अर्नाळकरांमुळे. पुस्तक हातात धरून एका बैठकीत संपवायचं, ही सवय अशाच पुस्तकांनी लागते. ती लागली की माणूस पुढे काहीही वाचू शकतो. आमच्या पेटीसाठी हा मुद्दा फार कामाचा ठरला.

लोकप्रिय लेखकांवर नाक मुरडलं जातं तसे कधीकधी खटलेही झालेत. चंद्रकांत काकोडकर हे खूप वाचले जाणारे कादंबरीकार. राजेश खन्नाचा ‘दो रास्ते’ हा सिनेमा त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवरून निघाला. त्यांची ‘श्यामा’ ही गोष्ट 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि ती अश्लील आहे म्हणून खटला भरला गेला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1969 साली न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडलं. त्या निकालातला एक विचार गटातल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावा असा आहे: सुटी सुटी वाक्यं काढून पुस्तकाचा न्याय करू नये, सगळी गोष्ट एकत्र बघावी. आपल्याकडे “कादंबऱ्या वाचून बाया बिघडतात” असं म्हणणारे बहुतेक वेळा एकही कादंबरी पुरी वाचलेले नसतात.

आता अशा पुस्तकांकडे येऊ, जी दोन्ही याद्यांत आरामात बसतात.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 साली आली. 1974 साली तिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. आणि एवढा मोठा पुरस्कार मिळूनही ती आजही हातोहात विकली जाते. महाभारतातल्या राजाची गोष्ट आहे, त्यात प्रेम आहे, मत्सर आहे, शाप आहे. पण तिची रचना बघा. राजा ययाति आपली बाजू सांगतो, राणी देवयानी आपली सांगते आणि शर्मिष्ठा आपली. एकाच घरातल्या दोन बायका एकाच पुरुषाबद्दल आपापलं सांगतात. वाचताना आपण आधी एकीच्या बाजूने होतो, मग दुसरीच्या, आणि शेवटी लक्षात येतं की कोणालाच पुरतं वाईट म्हणता येत नाही. मालिकेत एक सोशीक सून आणि एक डोळे वटारणारी खलनायिका असते. तिथून इथवर यायला एकच पुस्तक पुरतं.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ही 1959 ची. अण्णा भाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. मुंबईला गिरणीत काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले, आणि तिथे बसून तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ इंग्रजांच्या राज्यातल्या मांग समाजातल्या तरुणाची गोष्ट आहे. दुष्काळात माणसं उपाशी मरू लागल्यावर तो धान्य लुटून लोकांना जगवतो. घोडा, पाठलाग, लढाई, सगळं आहे. रहस्यकथेइतकंच वेगाने वाचून होतं. पण ज्या जमातीला सरकारने गुन्हेगार ठरवलं, तिच्यातलाच माणूस इथे नायक आहे. अण्णा भाऊंनी हे पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलं. राज्य सरकारचा पुरस्कारही त्याला मिळाला. तरी मोठ्या टीकाकारांनी अण्णा भाऊंना उशिरानेच जवळ केलं. त्याच्या कितीतरी आधी वस्त्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तर आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली, 1935 साली ती छापून आली, आणि 1953 साली आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला. भाषा इतकी सोपी की चौथीतलं पोर वाचील. घराघरांत गेली म्हणून तिला कोणी हलकं म्हणत नाही.

मग निव्वळ साहित्यिक म्हणतात ती पुस्तकं आपल्याला झेपतील का? आमचं म्हणणं आहे, सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने करावी. 1955 चं हे पुस्तक लहान आहे आणि भाषा बोलण्यातली आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो. रहस्य नाही, खलनायक नाही. माणसं भेटतात, हळूहळू मास्तर त्यांच्यातला होतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. पाऊस गेला, चारा गेला, माणसं गेली. दिवाळीनंतर कुलपं लागलेले पाडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे पुस्तक समजावून सांगायची गरज नाही.

आणि एक पुस्तक खास आपल्या मातीतलं. ती कादंबरी नाही, घडलेली हकिगत आहे, तरी पेटीत ते हवंच. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. तलासरी-डहाणू-उंबरगाव या पट्ट्यातल्या वारल्यांनी 1945 पासून सावकार-जमीनदारांविरुद्ध जो लढा दिला, त्याची ही कहाणी. लग्नासाठी थोडं कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं मालकाच्या घरी राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. तलासरीजवळच्या झरी गावच्या सभेनंतर वेठ करायची नाही, असं वारल्यांनी ठरवलं. 1972 साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एवढं मानाचं पुस्तक, पण वाचायला घेतलं की पुढे काय झालं म्हणून जीव टांगणीला लागतो. आपल्या आजी-पणजीच्या काळातली आपलीच गावं त्यात आहेत. पुरस्काराचं पुस्तक म्हणजे कंटाळवाणं, हा समज या एका पुस्तकाने जातो.

खरं बघितलं तर टाइमपास आणि साहित्य ही वाटणी छापील पुस्तकांबरोबर आली. आपल्याकडे लग्नात धवलेरी गाणी म्हणते, भगत कणसरीची कथा सांगतो. पोरं त्यात रमतात, म्हातारी माणसं त्यातल्या धान्याच्या देवीचा अर्थ मनात घोळवत बसतात. एकाच गोष्टीत दोघांचं भागतं. ही करमणूक आहे की साहित्य, असं तिथे कोणी विचारत नाही. कसोटी एकच: गोष्ट पुन्हा ऐकावीशी वाटते की नाही.

तीच कसोटी आम्ही पेटीला लावायचं ठरवलं. पुस्तक वाचून झाल्यावर गटात तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: दुसऱ्या दिवशी कामात असताना यातलं काय आठवलं? चूल पेटवताना, गाडीची वाट बघताना एखादा माणूस, एखादं वाक्य मनात आलं असेल तर पुस्तकाने काम केलं. काहीच आठवलं नाही, पण रात्र बरी गेली, तरी ठीक. मात्र पेटीतली सगळीच पुस्तकं तशी नकोत.

दुसरा प्रश्न: यातल्या बाया माणसं आहेत का? पुष्कळ लोकप्रिय गोष्टींत बाई एक तर सोसते किंवा कपट करते, किंवा कोणीतरी तिला वाचवायला येतो. गोरी असली तर भली, सावळी असली तर बिचारी. तसंच आदिवासी माणूस गोष्टीत आला की तो एक तर भोळा, नाही तर चोर, नाही तर नुसता नाचणारा. हा दोष लोकप्रिय पुस्तकांत आहे तसा मान मिळालेल्या पुस्तकांतही सापडतो. तिथे थांबून बोलायचं. पुस्तक फेकायची गरज नाही, पण “आपण अशा आहोत का?” हे विचारायचं.

तिसरा प्रश्न: जड वाटलं ते कशामुळे? विषय खोल आहे म्हणून, की लेखकाने उगाच अवघड लिहिलं म्हणून? खोल असेल तर दोघीतिघींनी मिळून वाचायचं. उगाच अवघड असेल तर बिनधास्त बाजूला ठेवायचं. पुरस्कार मिळाला म्हणून आवडलंच पाहिजे असा नियम नाही. आणि खूप खपलं म्हणून ते हलकं, असाही नियम नाही. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ 1982 ची. तिच्यावर 2013 साली सिनेमा आला आणि नव्या पोरापोरींनी पुस्तक पुन्हा उचललं. तीस वर्षांनी ज्या पुस्तकाला वाचक शोधत येतात, त्याच्यात काहीतरी असणारच. ते काय, हे वाचूनच ठरवावं.

आता पैशाचं. आमच्या गटाने शेवटी याद्या मोडून एकच केली. निम्मी पुस्तकं धावणारी, निम्मी थांबवणारी. पहिले दोन महिने फक्त धावणारी बाहेर काढायची. हाताला पानं उलटायची सवय झाली की दुसरी. नवीन वाचणारीला जाड पुस्तक आधी द्यायचं नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बैठक संपल्यावर वीस मिनिटं एकीने मोठ्याने वाचायचं. ऐन मजेच्या जागी थांबायचं, म्हणजे पुढच्या बैठकीला हजेरी आपोआप वाढते. ‘करमणूक’वाल्यांची ही युक्ती आपणही वापरू.

सगळंच विकत घ्यायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. लेखक वारल्यानंतर साठ वर्षांनी त्याच्या पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते कोणालाही छापता येतं. हरिभाऊ आपटे 1919 साली गेले, साने गुरुजी 1950 साली. त्यामुळे त्यांची पुस्तकं स्वस्तात मिळतात आणि मोबाइलवर फुकटही वाचता येतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. आपल्या जवळ असं ग्रंथालय कुठे आहे ते शोधा, तिथे गटाच्या नावाने विचारणा करा. “बाया काय वाचतात, कुठलं पुस्तक देऊ?” असं कोणी विचारलं, तर दोन्ही तऱ्हांची नावं सांगा आणि ठासून सांगा.

वीटभट्टीच्या त्या दोन गोष्टी आम्ही बैठकीतही सांगून बघितल्या. पहिलीच्या शेवटाला टाळ्या पडल्या. दुसरी संपल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक काकी म्हणाल्या, “रेघा नव्वद होत्या ना, मग नव्वदचेच पैसे मागायला हवे होते.” त्यावर बोलणं सुरू झालं ते आपल्या हिशेबांवर गेलं: कोण लिहून ठेवतं, कोण ठेवत नाही, आणि वही कोणाच्या हातात असते. पुढच्या हंगामाला जाणाऱ्या घरांनी विटांचा आकडा स्वतःच्या वहीत लिहायचा, असं त्याच बैठकीत ठरलं.

तुमच्या गटातही अशी पेटी सुरू करा. दोन पुस्तकांनी केली तरी चालेल, एक धावणारं आणि एक थांबवणारं. कुठली निवडली आणि त्यावर काय भांडण झालं, ते आम्हाला नक्की कळवा.